गदिगनच्या पुढचं रिकामं घर

अनंता मास्तरांना पोलिसांनी सोमवारी दुपारी वाचनालयातून उचललं, आणि बुधवार उजाडला तरी चिंधूच्या घशाखाली धड घास उतरत नव्हता. नेलं मास्तरांना, पण ज्या कागदापायी नेलं तो कागद चिंधूच्या हातचा होता. घरची बायको सोडली तर अख्ख्या भिवंडीत ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती आणि त्यातला एक आत बसला होता.

चिंधू अंजूरचा. दिवसा भिवंडीत एका लूमच्या कारखान्यात डॉबी बसवायचं काम, आणि एकादशीला गावच्या भजनात पखवाज. डॉबी म्हणजे मागाच्या डोक्यावरचं नक्षीचं यंत्र. नक्षी चौकटीच्या कागदावर उतरलेली असते. भरलेलं घर दिसलं की लाकडी पट्टीच्या भोकात खुंटी ठोकायची, रिकामं दिसलं की भोक तसंच सोडायचं. अठरा वर्षं हेच केल्यामुळे चिंधूला एक खोड जडली होती. कुठलीही गोष्ट समजून घ्यायची तर हा गडी आधी चौकटीचा कागद मागायचा. थोरल्या मुलीच्या लग्नात पंगती कशा बसवायच्या, तेही त्यानं डॉबीच्या कागदावर ठिपके काढून ठरवलं होतं. त्याची बायको गुणाबाई म्हणायची, "माजे तेराव्याचे पन ठिपके आताच काडून ठेवा, मंग घाई नको."

मास्तरांचं आणि त्याचं गूळपीठ जमलं ते एका कादंबरीपायी. मास्तर शाळा सुटल्यावर बाजारातल्या एका खोलीत वाचनालय चालवायचे. त्या कादंबरीत एक म्हातारा पखवाजी होता. अर्धांगाचा झटका येऊन त्याची वाचा जाते, आणि मग जे सांगायचं ते तो मांडीवर बोटांनी वाजवून सांगतो. सून विचारते, काय होतंय? म्हातारा वाजवतो, 'तिट कत, तिट कत'. मुलगा विचारतो, इथंच बसणार का? म्हातारा वाजवतो, 'गदि गन'. लेखकानं नुसते बोल छापले होते, अर्थ कुठंच दिला नव्हता.

मास्तर विद्वान माणूस, पण तालाच्या बाबतीत औरंगजेब. भजनात त्यांच्या हातात टाळ दिला की बाकीचे देवाचा धावा करायचे. त्यांनी आधी शब्दकोश धुंडाळले, मग संस्कृतातले धातू काढून पाहिले, आणि शेवटी झक मारत पुस्तक चिंधूपुढं ठेवलं. चिंधूनं ते बोल मांडीवर वाजवले आणि खो खो हसत सुटला.

"मास्तर, पोट दुखतंय बोलतोय म्हातारा. तिट कत, पोट दुखत. चाल आयका ना जरा! आनि गदि गन म्हंजी घरी चल."

मास्तरांनी त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की हातातला चहा सांडला. त्या दिवसापासून दर शनिवारी दोघांची बैठक बसू लागली. मास्तर वाचायचे, चिंधू वाजवायचा, आणि मुका म्हातारा बोलायला लागायचा. दोन महिन्यांत त्यांनी सगळी कादंबरी सोडवली.

शेवटच्या पानावर मात्र दोघांची मती गुंग झाली. मरायच्या आदल्या संध्याकाळी म्हातारा घरच्यांना जवळ बसवतो आणि चौताल वाजवतो. चौताल बारा मात्रांचा. धा धा दिं ता किट धा दिं ता तिट कत गदि गन, हे पखवाजाला हात लावणारं पोरही सांगेल. कादंबरीत मात्र ओळीला अकराच मात्रा. पहिला धा गाळलेला. सात ओळी होत्या आणि सातही ओळींत तीच जागा कोरी. त्या पहिल्या मात्रेला सम म्हणतात. सगळा ताल फिरून फिरून तिथंच येऊन टेकतो, आणि म्हाताऱ्यानं नेमकी तीच गाळली होती.

"त्याची बायको मेली आहे ना, ती जागा तिची असणार," मास्तर म्हणाले.

"छापनाऱ्यानं खाल्ला आसंल धा."

"सातही वेळा? एवढी भूक?"

चिंधूला ते घरी स्वस्थ बसू देईना. त्यानं चौकटीचा कागद घेतला. सात ओळी, ओळीला बारा घरं. अकरा भरली, पहिलं कोरं. समासात त्यानं पेन्सिलीनं लिहिलं : 'बारात एक बंद. सगळे इथं का थांबतात? खूण कोण देणार?' शनिवारी तो कागद त्यानं पुस्तकात घालून मास्तरांना दिला, आणि दोन दिवसांनी वाचनालयाची झडती झाली.

दिवस आणीबाणीचे होते. चार माणसं एका जागी बसली की पाचवा कान टवकारायचा. लूम कामगारांच्या युनियनचे दोघे-तिघे पुढारी फरारी होते, आणि त्यांची पत्रकं शोधायला पोलीस वाचनालयात आले होते. पत्रक एकही मिळालं नाही, मिळाला तो हा कागद. पोलिसांच्या लेखी बारा घरं म्हणजे बारा तासांची शिफ्ट, ठिपके म्हणजे चालू लूम, कोरं घर म्हणजे लूम कधी बंद पाडायचे ती वेळ. वर 'खूण कोण देणार' हे मराठीत लिहिलेलंच होतं. आणखी काय पुरावा हवा?

चिंधूला हे चहाच्या टपरीवर कळलं आणि तोंडचं पाणी पळालं. त्या दिवशी घरी जाऊन त्यानं चौकटीचे होते नव्हते तेवढे कागद चुलीत घातले. मुलीच्या लग्नाच्या पंगतीही जळाल्या.

"कारखान्याचे कागूद का जालताव?" गुणाबाईनं विचारलं. त्यानं सगळं सांगितलं.

"तुमी गेलाव तं दोगं आत," ती म्हणाली. "न्हाय गेलाव तं येकच आत. गप रावा."

हिशेब बिनतोड होता. चिंधूला तो ऐकून हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याची लगोलग लाज वाटली. मंगळवारी तो कामावर गेला तर खुंट्या चुकीच्या भोकात जात होत्या. दाराशी कोणाची सायकल वाजली तरी काळीज लकलक करायचं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसं झालं होतं. फरक इतकाच की हा ब्रह्मराक्षस खाकी घालून खरोखरच बाजारात हिंडत होता.

बुधवारी सकाळी कारखान्यातल्या कारकुनानं बातमी आणली. मास्तरांना उद्या ठाण्याच्या तुरुंगात हलवणार. एकदा तिकडं गेलं की ना वकील ना तारीख. सरकारला वाटेल तेव्हा सुटका. मास्तरांची म्हातारी आई चौकीच्या पायरीवर डबा घेऊन बसते आणि डबा तसाच परत नेते, हेही तो म्हणाला.

चिंधूच्या डोक्यात एकच गोष्ट घण घालू लागली. दोन दिवस झाले, मास्तरांनी आपलं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर एव्हाना दार वाजलं असतं. ज्या माणसाला टाळ धरता येत नाही तो आपल्यापायी तोंड मिटून बसलाय, आणि आपण कागद जाळतोय. जेवणाच्या सुट्टीत त्यानं सायकल काढली. चौकीवरून दोनदा पुढं गेला, दोनदा मागं आला. तिसऱ्यांदा स्टँड न लावताच सायकल भिंतीला टेकवली आणि आत शिरला.

चौकीत फौजदार साहेब कागद चाळत होते. विदर्भाकडचे, बदली होऊन दोन महिने झालेले. शेजारी रामू हवालदार उभा होता, अंबाडीकडच्या गावचा, पिकल्या मिशांचा.

"काय आहे?" साहेबांनी मान वर न करता विचारलं.

"साहेब, मास्तरांकडचा तो ठिपक्यांचा कागूद... तो माजा हाय. मी चिंधू. अंजूरचा."

साहेबांनी मान वर केली. रामू हवालदारानं त्यांच्याकडं पाहिलं.

"चिंधू?" हवालदार म्हणाला. "चिंधू तं आत हाय ना."

"कागद चिंधूनं काढला, गाव दापोडे. मास्तरनं पहिल्याच दिवशी तसं सांगितलं," साहेब म्हणाले. "दापोड्यातून आणलाय त्याला. गवताच्या वखारीवर गठ्ठे बांधतो. दोन दिवस एकच घोकतोय, मला लिहिता येत नाही."

मास्तरांनी नाव घेतलं होतं. नाव घेतलं, पण गाव खोटं सांगितलं. आपल्याला वाचवायचं म्हणून सांगितलं असणार, आणि त्या खोट्या गावात खरोखरचा एक चिंधू निघाला होता. हा घरात चुलीपुढं बसला होता तेव्हा तो माणूस याच्या नावानं आत बसला होता. राग यावा की रडू यावं, त्याला कळेना. भीती मात्र होती तिथंच होती, उलट दुप्पट झाली होती.

"बोल," साहेब म्हणाले. त्यांनी तो कागद टेबलावर पसरला. "कोऱ्या घरात काय आहे?"

चिंधूनं सांगायचा प्रयत्न केला. कादंबरी, म्हातारा, चौताल, गाळलेला धा. सांगता सांगता त्यालाच ते खोटं वाटायला लागलं. कोण शहाणा माणूस मुक्या म्हाताऱ्याची मांडी चौकटीच्या कागदावर काढतो? साहेबांनी सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "वाजवून दाखव. जसं लिहिलंय तसं. एक अक्षर जास्त नाही, एक कमी नाही."

पखवाज कुठला असणार? चिंधूनं टेबलाच्या कडेवर हात ठेवले. पहिली मात्रा त्यानं हवेत सोडली आणि वाजवायला सुरुवात केली. तोंडानंही बोल म्हणू लागला. धा दिं ता, किट धा दिं ता, तिट कत गदि गन... आणि थांबला, एक मात्रा.

थाड्!

रामू हवालदाराचा तळहात टेबलावर पडला होता. नेमका कोऱ्या जागेवर. दौत हलली.

हवालदार स्वतःच्या हाताकडं असा बघत होता, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता. साहेब सावकाश उठले.

"तुम्हाला कसं कळलं, इथं काय आहे?"

"मना... मना काय ठावं न्हाय साहेब. हात आपसूक पडला."

"कागदावर जी खूण नाही, ती तुम्ही बरोबर जागी दिलीत. दोन दिवस मी ह्याला विचारतोय, त्याला विचारतोय, आणि माहीत असणारा माणूस माझ्या शेजारी उभा आहे!"

हवालदाराच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. एकतीस वर्षांची नोकरी आणि दोन वर्षांवर आलेली पेन्शन, दोन्ही त्याच्या डोळ्यांपुढून गेली असणार. चिंधूला वाटलं, झालं. आलो एकाला सोडवायला आणि अडकवला तिसऱ्याला. गुणाबाईचा हिशेबसुद्धा इथवर पोचला नव्हता.

"साहेब, ती सम हाय," हवालदार कसाबसा म्हणाला. "आमच्यात लहानपनापासून भजनाला बसतांव. गदिगन झाला की धा येनारच. वाजवनारा चुकला तरी बसलेली मानसां देतांन. कोन शिकवीत न्हाय."

"हात मागं बांधा. पुन्हा वाजव रे."

हवालदारानं हात पाठीमागं घेतले, एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरलं. चिंधूनं पुन्हा सुरू केलं. आता बोटांपेक्षा काळीजच जास्त वाजत होतं. तिट कत गदि गन... हवालदारानं दात आवळले, मान ताठ केली, कपाळावरची शीर टरारली. पण हात काही हलू दिला नाही. आणि बाहेरच्या पडवीतून आवाज आला. ठक्. पहाऱ्यावरच्या शिपायाच्या बंदुकीचा दस्ता फरशीवर आपटला होता.

"कोण आहे तिकडं?" साहेब ओरडले.

आणि त्या क्षणी चिंधूला म्हाताऱ्याचं शेवटचं पान उलगडलं. इतके दिवस डोकं फोडूनही जे कळलं नव्हतं ते असं, भीतीनं घाम फुटलेला असताना कळलं. धा गाळलेलाच नव्हता. तो समोरच्यांसाठी ठेवलेला होता. मरायला टेकलेला म्हातारा घरच्यांना जवळ बसवून फक्त विचारत होता, आहात ना? ऐकताय ना? एकट्यानं बसून वाजवणाऱ्याला आणि चौकटी भरणाऱ्याला ते कधीच कळलं नसतं. ते कळायला समोर माणूस लागतो.

"साहेब," तो म्हणाला, "ते घर आपन भरायचाच न्हाय. आयकनाऱ्यानं भरायचा. त्यात दुसरा काय पन न्हाय."

साहेब बसले. त्यांनी पेन्सिल उचलली, टोक कागदावरच्या पहिल्या भरलेल्या घरावर टेकवलं. "पुन्हा. हळू. मी मोजतो."

चिंधू वाजवू लागला. पेन्सिल एकेका ठिपक्यावरून सरकू लागली. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. कोऱ्या घराशी आली की पेन्सिल अधांतरी थांबायची. तिसऱ्या ओळीला साहेबांच्या कपाळावरच्या आठ्या जरा सैल झाल्या. मोजणं सुटलं आणि ऐकणं सुरू झालं, हे वाजवणाऱ्याला कळतं. तिट कत गदि गन... आणि चौथ्या ओळीच्या कोऱ्या घरात पेन्सिलीचं टोक टपकन खाली आलं.

घरात ठिपका उमटला. काळाभोर, साहेबांच्या हातचा.

खोलीत तिघेच होते आणि तिघांनीही तो पाहिला. हवालदारानं झटकन नजर छताकडं वळवली. चिंधूचे हात टेबलावरच गोठले. साहेबांचा हात चुकलेला आपण पाहिला, हे साहेबांना कळलंय, आता काय? माणूस चुकतो त्याचं काही नाही, पण मोठ्या माणसाला चुकताना पाहणाऱ्याची धडगत नसते.

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. मग दार लोटून घेतलं. परत आले तेव्हा त्यांचा आवाज अगदी खाली आला होता, आणि चिंधूला नवल वाटलं, कारण तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. दोन दिवस त्याच्या स्वतःच्या घशातून असाच येत होता.

"वर फोननं कळवलंय मी. मोठं प्रकरण सापडलं म्हणून. आता काय सांगू? की ते भजन निघालं?" त्यांनी कागदाची घडी केली, आणखी एक घडी केली, आणि खिशात घातली. "हवालदार, कागद वाचनालयात सापडला होता का?"

रामू हवालदारानं कागद गेलेल्या खिशाकडं पाहिलं. "मना तं आठवत न्हाय, साहेब."

"मग कशासाठी धरलंय ह्यांना? सोडा. पुस्तक इथंच राहील. आणि तू," ते चिंधूला म्हणाले, "इथं आला नव्हतास."

पायरीवर मास्तर आधी आले. दोन दिवसांत गालफडं बसली होती. चष्म्याची एक काडी मोडली होती. चिंधूला बघताच त्यांनी नजर चुकवली.

"मी तुझं नाव सांगितलं, चिंधू," ते म्हणाले. "अर्ध्या तासात सांगितलं. गाव तेवढं खोटं सांगितलं. तेवढंच जमलं मला. असा कोणी खरंच असेल, हे डोक्यातच आलं नाही."

"मी पन दोन दिस घरातच व्हतो, मास्तर," चिंधू म्हणाला.

मग तिसरा माणूस बाहेर आला. पन्नाशीचा, उन्हानं करपलेला, सदऱ्याला गवताच्या काड्या अजून चिकटलेल्या. उन्हात येताच त्यानं डोळे बारीक केले आणि दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं.

"तुमच्यान चिंधू कोन?"

"मी."

"तो कागूद तुजा?"

"माजा," चिंधू म्हणाला.

त्या माणसानं मान हलवली. त्याला राग आलेला दिसत नव्हता. "मना दोन दिस इच्यारीत व्हते, रिकामा घर कोनाचा, रिकामा घर कोनाचा. मी बोललो, साहेब, माज्या आळीत नऊच घरां हान, आनि नऊच्या नऊ भरलेली." तो सदऱ्याचं बटण लावू पाहत होता, पण बोटं इतकी कापत होती की बटण काज्यात जाईना. "येक इनंती हाय बाबा. पुन्ना असा काय लिवनार आसशील तं आदी निरोप धाड. मी बायकोच्या गावाला जाऊन रेन."

तो थट्टा करत नव्हता. चिंधूला भडभडून आलं. निदान बटण तरी लावून द्यावं म्हणून त्यानं हात पुढं केला.

तसा तो माणूस दोन पावलं मागं सरला आणि त्यानं दोन्ही हात तोंडापुढं आडवे धरले. चिंधूला आजवर उभ्या आयुष्यात कोणी भ्यालं नव्हतं.